तीन दगडांचं वजन

ऑर्डेल, सस्कॅचेवान
रविवार, १९ जानेवारी

लारिसा,

स्वतःच्याच नावाने पत्र सुरू करायचं म्हणजे चमत्कारिक वाटतं. आधी 'प्रिय' लिहिणार होते. पण तू मला प्रिय नाहीस, आणि पहिल्याच शब्दात खोटं बोलायचं तर निदान स्वतःशी तरी नको.

नोएला म्हणते, तू अगदी माझ्यासारखी आहेस. तेच डोळे, भुवईवरचा तोच व्रण, कुठेही फिदीफिदी हसायची तीच सवय. मग म्हणाली, "फक्त ती जरा मोकळी आहे गं." ते 'फक्त' आठ दिवस माझ्या घशात अडकलंय.

आमच्या बाजूचं तिने तुला किती सांगितलंय कोण जाणे. मीच सांगते. नोएला फोर्तिए पाच वर्षांची असताना तिच्या घरचे इथे राहायला आले. तुमच्या ऑर्डेलमध्ये ते कधी आलेच नाहीत, म्हणून नोव्हेंबरपर्यंत तुझ्या आयुष्यात नोएला नव्हती. माझ्या आयुष्यात ती अकरा वर्षं आहे. दोन वर्षांपूर्वी तिचा भाऊ रेमी, जिथे आम्ही बर्फावर कर्लिंगचे दगड सरकवायचो त्या सभागृहातला हीटर चालू ठेवून घरी गेला आणि सभागृह जळालं. दीदो पेट्रीक आत बर्फाची देखभाल करत होते. ते वाचले, त्यांचे हात वाचले नाहीत. आता ते कॉफीसुद्धा नळीने पितात. ते सगळ्या गावाचेच दीदो, आजोबा, त्यामुळे सगळं गाव फोर्तिएंवर उलटलं. रेमी अल्बर्टाला निघून गेला. शाळेत जेवणाच्या सुट्टीत नोएलाच्या टेबलाकडे कोणी फिरकेना. मी बसले. रोज बसले. एवढं लक्षात ठेव.

रुळांकाठचा आमचा धान्याचा मनोरा एप्रिलमध्ये पाडणार आहेत, म्हणून नोव्हेंबरात आम्ही दोघी तो आतून बघायला गेलो होतो. कामगारांना वर न्यायचा दोराचा पाळणा अजून तिथे होता, एक माणूस मावेल एवढा. नोएला आत उभी राहिली, दोर ओढत वर गेली, आणि थोड्या वेळाने पाळणा खाली आला तो बियाण्याची पोती घेऊन. नोएला नाही. मी किंचाळले. वीस मिनिटांनी पोती आपोआप वर गेली आणि ती खाली आली. गाल लाल, डोळे हे एवढे. म्हणाली, "तिकडे पण ऑर्डेल आहे. मनोरा हिरवा आहे. आणि तिकडे तू आहेस!" समांतर विश्व वगैरे शब्द आम्ही नंतर शोधले.

पुढचं तुला माहीत आहे. एका बाजूने जेवढं वजन जाईल, तेवढंच दुसऱ्या बाजूने यायला हवं. कर्लिंगचे तीन दगड म्हणजे तंतोतंत एक नोएला, हा शोध तुझा. तुमचं सभागृह उभं आहे, तुमच्या संघात एक मुलगी कमी होती, आणि नोएलाएवढा नेम अख्ख्या जिल्ह्यात कोणाचा नाही. म्हणून दर शनिवारी सकाळी ती वर जाते आणि तीन दगड माझ्याकडे येतात. ते कोणी हलवले तर ती तिकडेच अडकेल, म्हणून मी राखण करते. सात तास. उणे पंचवीस अंशांत. तीन दगड आणि मी. ती परत येते तेव्हा तिच्या अंगाला तुझ्या घरच्या बटाटा भरलेल्या पेरोहीचा, परतलेल्या कांद्याचा वास असतो.

मी तक्रार करत नाहीये. फक्त पाचच्या आत पाठवत जा.

हे पत्र कॉफीच्या डब्यात घालून दोराला बांधतेय. एवढंसं वजन दोर आपलं आपण पोचवतो.

लारिसा बोयको


रविवार, ९ फेब्रुवारी

लारिसा,

चिठ्ठी मिळाली. "मी तुझी मैत्रीण पळवत नाहीये, ती स्वतःच्या पायांनी येते." इतकं झोंबणारं वाक्य मीच लिहिलं असतं, आणि एका अर्थी मीच लिहिलंय, म्हणून जास्त राग आला.

काल तिचा वाढदिवस होता. माहीत असणारच, कारण तो तुझ्याकडे झाला. मी केक घेऊन पाळण्यापाशी बसले होते. केकवरचं लोणी दगडासारखं झालं, म्हणजे चार दगड झाले. पाच वाजले, साडेपाच वाजले. तिच्या आईचा फोन आला. "लारिसा, नोएला आहे ना तुझ्याकडे? जेवायला येतेय का?" मी म्हटलं, "आम्ही जीवशास्त्राचा अभ्यास करतोय, मिसेस फोर्तिए. ती बाथरूममध्ये आहे." त्या वृद्धाश्रमाच्या लाँड्रीत दिवसभर चादरी उपसून घरी आल्या होत्या. आवाजात इतका थकवा होता, आणि मी त्यांना थाप मारली. तुझ्यासाठी.

सव्वासहाला नोएला उतरली. गळ्यात निळा मफलर. तू विणलेला. मला विणता येत नाही. तुला कसं येतं?

"उशीर झाला," मी म्हटलं.

"थोडं काम होतं."

"कसलं काम? वाढदिवसाला?"

"लारिसा, नको ना आता. थकलेय मी."

"मी पण थकलेय. सकाळपासून तुझी राखण करतेय. सगळ्या शाळेने तुला वाळीत टाकलं तेव्हा तुझ्याशेजारी कोण बसलं होतं?"

ती केकच्या खोक्याकडे बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "तू बसलीस. माहितेय मला. तू ते मला विसरू देशील तर ना."

ती खोकं उचलून घरी निघाली. केक तिच्या आईने खाल्ला.

खरं सांग, ती इतका वेळ तिथे काय करते? तुम्ही दोघी माझ्यावर हसत बसता का?

लारिसा


गुरुवार, २० फेब्रुवारी

लारिसा,

तुझा जादाचा कोट काल ओला झाला असेल आणि कपाटातले बूट उलटसुलट पडले असतील. संघातल्या कोणाला बोल लावू नकोस. मी आले होते.

बुधवारी तू यॉर्कटनला दातवाल्याकडे जाणार, हे नोएलाच्याच बडबडीतून कळलं होतं. दगड तुमच्या पाळण्यात तयार असतात, हेही माहीत होतं. पण मी तिच्यापेक्षा तीन किलो जड. म्हणून कोट, स्वेटर आणि बूट इथेच काढून ठेवले आणि नुसत्या मोज्यांवर दोर ओढला. अर्ध्यावर मिट्ट काळोख लागला आणि कानांत दडे बसले. तेवढ्यात शेजारून तुमचे तीन दगड माझ्या जगाकडे निघून गेले. हात लावता आला असता इतक्या जवळून. मग दोर तसाच ओढत असताना जाणवलं की पाळणा वर नाही, खाली चाललाय. दार ढकललं तर उजेड, रुळांवर खरीखुरी मालगाडी आणि हिरवा मनोरा.

मोज्यांवर सभागृहापर्यंत धावले. तुझं नाव लिहिलेलं कपाट सापडलं, बूट मापाचे आहेत का बघितले, अंगावरच्या बर्फासकट तुझा कोट चढवला. मी फक्त बघणार होते, तुझ्यात असं काय आहे ते. भिंतीवर तुमच्या संघाचा फोटो होता. नोएलाचा हात तुझ्या खांद्यावर. असं तोंड उघडून हसताना मी तिला दोन वर्षांत पाहिलेलं नाही.

"काय गं, दातवाल्याकडून पळून आलीस?"

मागे दीदो पेट्रीक उभे होते. सूर्यफुलाच्या बिया सोलत. दहाही बोटांनी, टकाटक. मी म्हटलं, "रद्द झालं, दीदो."

"बरं झालं भेटलीस. त्या नव्या पोरीला सांग बाई, आता पुरे. खेळ संपला की झाडू घेते, सगळं बर्फ झाडते, माझे कप घासते. तिच्या वाढदिवसाला तरी सोड म्हटलं, तरी ऐकेना. परवा मी गमतीने म्हटलं, 'का गं, माझे हात काय झडलेत?' तर ढसाढसा रडायलाच लागली. मी काय वावगं बोललो?"

"नाही दीदो. काही नाही."

"तूच म्हणालीस, 'करू द्या तिला, विचारू नका,' म्हणून मी गप्प आहे. पण कारण तरी सांग."

मी बाथरूमचं निमित्त करून सटकले.

म्हणजे तुला माहीत होतं. ती उशिरा येते ती तुमच्या हसण्याखिदळण्यामुळे नाही. रेमीच्या हीटरने इथे ज्यांचे हात गेले, त्यांचे कप ती तिथे घासते. इथल्या दीदोंच्या दारासमोरून जायचं झालं तर ती रस्ता बदलते. तिथे तिला कोणी ओळखत नाही, म्हणून जमतं. आणि हे तुझ्या लक्षात आलं, कारण आगीबद्दल मीच तुला लिहिलं होतं! तुला एक पत्र पुरलं. मला अकरा वर्षं पुरली नाहीत.

परत येताना मला वाटलं होतं की आता मत्सर संपेल. उलट आधीपेक्षा वाईट झालंय. आधी वाटायचं, तू तिला हसवतेस. ते चाललं असतं.

लारिसा


मंगळवार, १८ मार्च

लारिसा,

हे पत्र मिळताच नोएलाला दाखव. मनोरा एप्रिलमध्ये नाही, परवाच पाडणार आहेत. काल यंत्रं आली. डेल नावाचा त्यांचा मुकादम आहे, तो म्हणाला, "गुरुवारी दुपारी बारा. त्यानंतर इथे दिसलीस तर कानाला धरून घरी पोचवीन." तुमच्या सरावासाठी आणि स्पर्धेसाठी ती शनिवारपासून तिकडे राहिली आहे आणि येत्या रविवारी परतणार आहे. तोवर पाळणाच नसेल. तिला गुरुवारी यायला हवं. पहिला सामना गुरुवारी दोन वाजता आहे, हे मला ठाऊक आहे.

आणखी एक अडचण आहे. तीन दगडांपैकी एक सापडत नाहीये. कोणीतरी नेला असावा.

नाही. वरचं वाक्य खोटं आहे. खोडत नाही, राहू दे तसंच.

दगड मी फेकला. शनिवारी ती निघताना म्हणाली, "आठ दिवस सुटका!" ती शाळेबद्दल बोलत होती बहुतेक. मी ते माझ्याबद्दल घेतलं. ती वर गेली, दगड खाली आले, आणि मला वाटलं, तिकडेच राहायचंय ना तुला, मग राहा. मनोऱ्यामागे शेततळं आहे. त्यावरच्या बर्फात गुरांना पाणी पाजण्यासाठी भोक पाडलेलं आहे. एक दगड तिथपर्यंत ढकलत नेला आणि सोडला. डुबुक आवाज आला. मला बरं वाटलं. खरंच बरं वाटलं, साधारण घरी पोचेपर्यंत.

दोन दिवस स्वतःला सांगत होते की पुष्कळ वेळ आहे, आठवड्याभरात काढू. मग काल यंत्रं दिसली. दुसरं काहीतरी वजन ठेवून पाहिलं, लोखंड, पोतं, सगळं. पाळणा हलत नाही. जे तिकडून आलं तेच तिकडे जायला लागतं, असं दिसतंय.

तिच्या आईला मी सांगितलंय की ती माझ्या मावशीकडे रेजायनाला गेली आहे. त्या बाईंचा मुलगा आधीच गेलाय. आता मुलगीही गेली तर? हे मला शनिवारी का सुचलं नाही?

मी दगड काढणार आहे. कसा, ते माहीत नाही. तू मला काय हव्या त्या शिव्या दे, पण तिला पाळण्यात उभी कर.

लारिसा


गुरुवार, २० मार्च, सव्वाअकरा

लारिसा,

ती पोचली. हे आधी लिहिते, म्हणजे तुझा जीव भांड्यात पडेल. तुमच्या बाजूला तीन दगड उतरले असतील. एक ओला आहे.

डेलने बारापर्यंत वेळ दिलाय. मी नोएलाच्या आईच्या ट्रकमध्ये बसून लिहितेय. हीटर चालू आहे, तरी बोटं आखडलेली आहेत. अक्षर लागलं नाही तर अंदाजाने वाच.

परवा तुझी एकच ओळ आली, "अकरा वाजता ती पाळण्यात असेल, तू दगड आण." शिव्या नव्हत्या. असत्या तर बरं वाटलं असतं. काल मी एकटीने दोराला आकडा बांधून दुपारभर तळ्यात गळ टाकून पाहिला. आकडा दगडावरच्या मुठीला लागायचा आणि सुटायचा. शेवटी आज सकाळी नोएलाच्या आईच्या दारात जाऊन उभी राहिले. त्या कामावर निघाल्या होत्या.

मी सगळं सांगितलं. दुसरं ऑर्डेल, दीदो, मावशीची थाप, दगड. त्यांनी हातातली कामाची पिशवी खाली ठेवली. मग म्हणाल्या, "पोरी, यातलं निम्मं मला कळलं नाही आणि उरलेल्यावर विश्वास बसत नाही. माझी मुलगी परत आणायला काय लागतं, तेवढं सांग."

"तळ्यातला दगड."

"मग चल."

तासभर दोघींनी आकडा टाकला. साडेदहा झाले. मग मी कोट काढला. त्या म्हणाल्या, "खबरदार! मी उतरते." मी म्हटलं, "मिसेस फोर्तिए, तुम्ही मला वर ओढू शकता, मी तुम्हाला नाही." रोज ओल्या चादरी उपसणारे हात आहेत ते. त्यांनी माझ्या काखेखालून दोर बांधला. गाठ मारताना म्हणाल्या, "तू वर आलीस ना, की मी तुझं काय करणार आहे ते मला अजून ठरवता आलेलं नाही."

पाणी छातीपर्यंतच होतं, पण श्वासच थांबला. पायाने चाचपडत राहिले. दगड लागला, तर मूठ खाली आणि दगड उलटा. दोन वेळा बुडी मारली. पहिल्यांदा बोटं मिटेनात. दुसऱ्यांदा आकडा मुठीत अडकवून तो तसाच दाबून धरला. दोर ताणला गेला आणि आधी दगड वर गेला, मग मी. त्यांनी मला त्यांच्याच कोटात गुंडाळलं आणि दगड स्वतः मनोऱ्यापर्यंत नेला, बाळ धरावं तसा. त्यांनी तो पाळण्यात ठेवला. दोर हलला. दगड वर गेले. त्यांच्या तोंडून 'देवा' एवढंच निघालं.

नोएला उतरली. आई दिसल्यावर तिचा चेहराच बदलला. दोघी एकमेकींना धरून उभ्या राहिल्या. मी बाजूला निथळत होते. मग ती माझ्याकडे वळली.

"तू दगड तळ्यात टाकलास."

"हो."

"मी अडकावं म्हणून."

"हो. मग नाही. पण आधी हो."

मला वाटलं होतं ती ओरडेल. तिने मनगटावरचं घड्याळ पाहिलं. मग म्हणाली, "वही आहे? तिला शेवटचं पत्र जाऊ शकतं ना? मी सांगते, तू लिही. माझी बोटं दोर ओढून सोलली आहेत."

"आणि मला? मला काही बोलायचं नाही तुला?"

"तुझ्याशी भांडायला माझ्याकडे वर्षं पडलीत, लारिसा. तिच्यासाठी पाऊण तास आहे. लिही."

म्हणून वहीत लिहून घेतलं, खाली उतरवते. सांगून झाल्यावर तिने आईला विचारलं, "दीदो या वेळी घरी असतील का?" दीदोंचं घर इथून दोन गल्ल्या पलीकडे. दोघी चालत गेल्या. काचेतून मला त्यांचा ओटा दिसतो. बराच वेळ दार उघडलं नाही. नोएला दोनदा पायऱ्या उतरली आणि आईने दोनदा तिला परत वर नेलं. मग दार उघडलं. दीदो चौकटीत उभे राहिले, हात बगलेत दाबून. काय बोलले ते इथे कसं ऐकू येणार? पण ते बाजूला झाले आणि त्या आत गेल्या. मला कोणी बोलावलं नाही. मी पुसायचा कपडा घेऊन काच साफ केली, पुन्हा पाहिलं. दार बंद होतं.

बारा वाजायला दहा मिनिटं आहेत. तिचे शब्द असे :

"लारिसा, दुसरा दगड टाकताना तुझा खांदा बाहेर वळतो, तेवढा सांभाळ. तिघींनी खेळायला लागेल, सॉरी. दीदोंना सांग, मी घरी गेले. कप त्यांच्याकडून घासून घेऊ नकोस, तू घास. तुझ्याकडे आले की मी कोणाची बहीण आहे हे कुणालाच माहीत नसायचं. तसं जगायला मिळालं, पण सारखं तिथे राहिले असते तर आईला काय सांगितलं असतं? मफलर घालीन. गेल्या दोन वर्षांत मला सगळ्यात जास्त मजा तुझ्याबरोबर आली."

बस, एवढंच. शेवटचं वाक्य ऐकल्यावर माझं पेन थांबलं होतं. ती म्हणाली, "लिहिलंस?" मी म्हटलं, "लिहिते." ती निघून गेल्यावर ते गाळायचा विचार आला. तुला कळलं नसतं, तिलाही कळलं नसतं. पाच मिनिटं नुसती बसून होते. मग लिहिलं. एक शब्दही इकडचा तिकडे केलेला नाही. हवं तर तुझ्याच अक्षराशी ताडून बघ, माझं अक्षर खोटं बोलताना कसं दिसतं ते तुला माहीत असेल.

डेल हात करतोय. डबा बांधायला जाते. आज दोन वाजता तुम्ही जिंका, असं लिहायचं होतं. लिहिलं.

लारिसा